वळूसाठी ठेवलेली वाट

मागे मुरबाडला बचत गटाच्या बायकांची बैठक होती. समोरच्या मॅडमनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'गरिबीची कारणे' असं लिहिलं आणि प्रत्येकीला एकेक कारण सांगायला लावलं. बायका तयारीच्या होत्या. जमीन कमी, शिक्षण नाही, नवरा पितो, पोरं जास्त. पाढे म्हणावेत तशी कारणं बाहेर पडत होती. आमच्या जाऊबाईंची पाळी आली तेव्हा त्या उभ्या राहिल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "आमची ढोरं." सगळ्या हसल्या. जाऊबाईही हसल्या आणि खाली बसल्या. मॅडमना ते कळलं नाही, त्यात त्यांची काही चूक नव्हती. मला स्वतःला ते कळायला एक अख्खा हिवाळा लागला होता.

मी अंगणवाडी सेविका आहे. माहेर शहापूर तालुक्यातलं, धरणाच्या वरच्या अंगाला. लहानपणी आमच्या अंगणातून पाण्याचा तो निळा पसारा दिसायचा, आणि चैत्र लागला की आम्ही टँकरची वाट बघत हंडे रांगेत लावून बसायचो. ते पाणी मुंबईचं होतं. त्यामुळे गरिबीवर कोणी बोलायला लागलं की माझं डोकं जरा लवकर तापतं, आणि त्यात 'आळस' हा शब्द निघाला तर विचारूच नका. वीटभट्टीवर एक हिवाळा काढून ये आणि मग आळसावर बोल, असं मी एका पाहुण्याला तोंडावर सांगितलं आहे. तो पुन्हा आला नाही.

लग्न होऊन मी सिद्धगडाच्या पायथ्याच्या या वाडीत आले. इथं भात पिकतं, एकदाच. पाऊस संपला, भात कापलं, दिवाळी झाली, की वाडी भट्टीवर निघायची. ठरवणारे आम्ही नव्हतोच. श्रावण-भादव्यात कणगी खरवडून झालेली असायची, नेमका तेव्हा भट्टीचा मुकादम दारात यायचा आणि खर्ची देऊन जायचा. खर्ची म्हणजे पुढच्या कामाची उचल. ती घेतली की दिवाळीनंतरचं आपलं अंग आपलं राहत नाही. चुलीला झाकण घालायचं, कोंबड्या कोणा म्हातारीकडे द्यायच्या आणि गाडीत बसायचं. पहिल्या वर्षी मीही बसले. त्या हिवाळ्याचं मला एवढंच आठवतं, की भाकरी, केस, अंथरूण, सगळ्याला राखेचा वास होता.

जाऊबाईंची मुलगी, मी आले तेव्हा आश्रमशाळेत असलेली, अशाच एका भट्टीवर झाली होती. फाटक्या ताडपत्रीच्या आडोशाला, शेजारच्या खोपीतल्या बायकांच्या हातांवर. मोठे दीर तेव्हा विटा थापत होते. त्यांना बोलावलं तर ते तसेच आले, पोरीच्या कपाळाला एक बोट लावलं आणि परत गेले, कारण मळलेला गारा सुकत होता. पोरीच्या कपाळावर चिखलाचा टिळा राहिला. जाऊबाई हे सांगायच्या ते रडून नव्हे. तांदूळ निवडता निवडता सांगायच्या.

दुसऱ्या वर्षी आषाढात मला दिवस गेले. भादव्यात मुकादम आला. जाऊबाईंनी त्याला ओट्यावर बसवलं, चहा दिला आणि म्हणाल्या, "यंदा आमी नाय येत."

मुकादम हसला. "मंग खाशाल काय?"

"ते आमचं आमी बघू. तू च्या घे."

मोठे दीर परक्या माणसासमोर बोलले नाहीत. तो गेल्यावर मात्र त्यांनी कोयता जमिनीत रोवला. जाऊबाई माझ्याकडे तोंड करून, पण दिरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "माझी लेक राखेत झाली. हिचं पोर घरात होल. त्याच्यापुढं काय कराचं ते करू."

मला आनंद झाला असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला धास्ती वाटली. माझ्या पोटासाठी एका घरानं उचल नाकारली होती आणि कणगीचा तळ मी रोज बघत होते. मूल घरात झालं तर ते कशावर, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नव्हता.

जाऊबाईंच्या डोक्यात भेंडी होती. धसईकडच्या शेतकऱ्यांनी भात काढून भेंडी लावलेली त्यांनी बाजाराला जाता-येता पाहिली होती. आमच्या खाचराला लागून ओहोळ आहे. गोण्यांत वाळू भरून तो अडवला तर शिमग्यापर्यंत पाणी टिकतं, हे वाडीतल्या कोणालाही ठाऊक होतं. ठाऊक असून कोणी काही लावत नव्हतं, आणि त्याचं कारण दिरांनी एका वाक्यात सांगितलं. "ढोरांना भेंडी चाराची हाय काय?"

आमच्या वाडीची रीत अशी, की भात कापलं की जमीन सगळ्यांची. गुरांची दावी सोडायची ती पाऊस येईपर्यंत. कोणाची गाय कोणाच्या शेतात गेली तरी हाकलायची नाही, हाकलणारा माणूस हलका समजला जायचा. मला ही रीत फार आवडली होती. माझ्या माहेरी बांधावरून डोकी फुटायची, आणि इथं सहा महिने बांधच नसायचा. पण त्या उदारपणात हिरवं असं काही उभं राहणं शक्य नव्हतं.

जाऊबाईंनी विषय काढला तो वाघबारशीला. दिवाळीच्या तोंडावर त्या दिवशी आमच्याकडे गुराख्यांचा मान असतो. वाडीबाहेर वाघोबाच्या दगडापाशी खीर शिजते, आणि गुरांबद्दल काही बोलायचं तर ते तिथं बोलायचं. बाया खीर वाढतात, बोलत नाहीत. जाऊबाईंनी वाढून झाल्यावर पळी खाली ठेवली आणि गावदेवाची पूजा करणारे म्हातारे बाबा बसले होते त्यांच्यापुढं उभ्या राहिल्या.

"बाबा, आपन भट्टीवर जातो, मांगं राखायला कोन नाय, म्हनून ढोरं मोकाट. आनि ढोरं मोकाट म्हनून मांगं काय पिकत नाय, म्हनून आपन भट्टीवर जातो. ह्याच्यातलं आधी काय सोडाचं?"

कोणीतरी खिरीच्या पातेल्याखालचं लाकूड मागं ओढलं. मी नववीपासून आश्रमशाळेत शिकलेली, बारावी झालेली, पण इतकं सरळ मी कधी ऐकलं नव्हतं. तोपर्यंत ही एकमेकांत अडकलेली दोन दावी कोणी हातात धरून दाखवलीच नव्हती.

"मंग तू काय म्हनतं गो?" बाबांनी विचारलं.

"तुमी जा. सगल्यांची ढोरं आमी राखतो. रोज रानात न्यायची, सांजची आनायची. एक नाय हरवनार. पर शिमग्यापर्यंत शेतात कोनाचं ढोर सुटाचं नाय."

बाबांनी इकडं तिकडं पाहिलं. ज्यांना जायचं होतं त्यांना आपली गुरं कोणी फुकट राखत असेल तर ते हवंच होतं. ठरलं. फक्त मोठ्या दिरांना कोणी विचारलं नव्हतं, आणि गुरं राखायला जाणार होते ते.

हे त्यांना किती लागलं असेल ते मला नंतर समजलं. भट्टीवर त्यांच्या हाताला नाव होतं. त्यांनी थापलेल्या विटेची धार सुतात यायची आणि शेठ ती दुसऱ्यांना दाखवायचा. आता तेच दीर सगळ्या वाडीची गुरं घेऊन रानात निघाले. वाडीतले लोक गाडीत बसून जाताना कोणीतरी मागून "गुराखी" असं ओरडलंही. दीर वळले नाहीत. त्यानंतर कित्येक दिवस ते घरात कोणाशी धड बोलले नाहीत. मी तर त्यांच्याशी बोलतच नव्हते. मोठ्या दिराशी धाकट्या भावजयीनं समोरासमोर बोलायची पद्धत आमच्यात नाही.

माझ्या नवऱ्यानं गोण्या भरून ओहोळ अडवला. दोघा भावांनी मिळून करवंदीच्या आणि बोरीच्या काट्यांचं कुंपण घातलं. रोपं वर आली, पानं पसरली आणि एक दिवस पहिलं पिवळं फूल दिसलं. वाडीत फक्त म्हातारी माणसं, आम्ही आणि ते फूल. मी पोट सांभाळत बांधावर बसून त्याच्याकडे बघत राहायची.

कुंपणाला वरच्या अंगाला एक वाट ठेवलेली होती, माणूस आरामात जाईल एवढी. मला वाटलं ती आमच्यासाठी असेल. पण आम्ही खालून, ओहोळाकडून जायचो. मी नवऱ्याला विचारलं तर त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही घराला दार का ठेवलं असं मी विचारलं होतं.

"वळूला," तो म्हणाला.

वाडीचा एक वळू होता. फार मागे गुरांत रोग आला तेव्हा तो गावदेवाला सोडलेला. पांढरा, मातलेला, एक शिंग वाकडं. त्याला कोणी दावं लावायचं नाही, काठी उगारायची नाही आणि वाट अडवायची नाही. तो रस्त्यात बसला तर एस.टी.चा ड्रायव्हर बिडी पेटवायचा. सगळ्या वाडीची गुरं राखायची हे ठरलं, त्यात तो नव्हता, कारण तो कोणाचा नव्हता. कुंपण घालताना दोघा भावांनी त्याची वाट मोकळी ठेवली आणि त्यावर एक शब्द बोलले नाहीत. त्यांच्या मते ती ठेवायची हे ठरवावं लागतच नव्हतं.

पौषात, म्हशाच्या जत्रेच्या आधी, तो आत आला. सकाळी आम्ही गेलो तेव्हा तो मधोमध बसून रवंथ करत होता. वरचा अर्धा तुकडा संपला होता. कोवळ्या भेंड्या, पानं, शेंडे. आणि जे खाल्लं नव्हतं ते खुरांखाली गेलं होतं. कुंपणच शेत खातं असं म्हणतात, पण आमच्याकडे तर कुंपणानं पाहुण्याला हाताला धरून आत आणलं होतं. मी खाली बसून रडले. मोठे दीर म्हणाले, "देवानं खाल्लं. आता कोनाला बोलनार?"

माझं डोकं फिरलं होतं. मी जाऊबाईंना म्हटलं, "ती वाट बुजवा. आत्ताच्या आत्ता." माझ्या नवऱ्यानं काट्याची एक फांदी उचलली, वाटेपाशी नेली आणि तशीच उभी धरून राहिला. मग त्यानं ती खाली ठेवली. त्याच्या जागी मी असते तर मलाही ती लावता आली नसती, हे मला आता कळतं. गावातल्या शहाण्यांनी याला अंधश्रद्धा म्हणावं खुशाल. त्या वळूनं रोग नेला असं मानणारी माणसं त्याच्या तोंडासमोर काटा लावू शकत नव्हती, आणि तशी नसती तर ती ही माणसं नसती.

दीर जत्रेला गेले ते मुकादमाला भेटून आले. "त्याच्याकडं एक खोपी रिकामी हाय. अवसेला गाडी येल," त्यांनी सांगितलं. मी सातव्या महिन्यात होते. जाऊबाईंनी ताटातली भाकरी संपवली, हात धुतला आणि म्हणाल्या, "अवसेपर्यंत थांबा मंग."

दुसऱ्या दिवशी त्या बाबांकडे गेल्या. मीही बरोबर होते.

"बाबा, देवाला निवेद आपल्या जेवनाच्या आधी का मांगून?"

"आधी."

"आनि निवेद दाखवायला देवाला घरात घ्यावाच लागतो?"

बाबांचं बोळकं तोंड हळूहळू पसरलं. "नाय गो. उंबऱ्याभायेर बी चालतो."

तेव्हापासून पहाटे उठून जाऊबाई ओहोळाच्या कडेचं हिरवं गवत कापायच्या, भारा घेऊन त्या वाटेपाशी, कुंपणाच्या बाहेर उभ्या राहायच्या. वळू यायचा. त्या भारा सोडायच्या, हात जोडायच्या आणि बाजूला व्हायच्या. वाट उघडीच. तो पोटभर खायचा, आत एकदा नजर टाकायचा, आणि जाऊबाई लगेच दुसरी पेंढी पुढं करायच्या. मग तो तिथंच बसून रवंथ करायचा आणि ऊन चढलं की पाण्यावर निघून जायचा. आधी पोटोबा मग विठोबा म्हणतात. आमच्या घरचं पोट ते उलटं करून भरलं. त्या थंडीत ओल्या गवतात उभ्या असलेल्या त्या बाईला मी रोज बघायची. एवढी हिकमत आणि एवढा धीर मी दुसऱ्या कुणात पाहिलेला नाही, आणि देवाला न दुखावता देवाकडून आपलं शेत राखून घेणारं माणूस तर मुळीच नाही.

शेंडे खाल्लेली झाडं बगलेतून पुन्हा फुटली. अवस आली त्या दिवशी जाऊबाई आणि माझा नवरा पहिल्या पाट्या घेऊन धसईला गेले होते. घरी मी आणि मोठे दीर. दुपारी मुकादमाची गाडी आली. दिरांचं अंथरुणाचं गाठोडं सकाळपासून ओट्यावर बांधलेलं होतं. गाडीवाल्यानं हॉर्न वाजवला, पुन्हा वाजवला. मी दाराआड उभी होते आणि मला त्यांना एक शब्द बोलायची सोय नव्हती. दीर उठले, गाडीपर्यंत गेले. मुकादम म्हणाला, "चल रे, टाइम नाय."

दिरांनी गडाकडे पाहिलं. सकाळी तिकडच्या रानात ते गुरं सोडून आले होते. "मी आलो तं ढोरं कोन राखंल?" ते म्हणाले आणि परत येऊन त्यांनी गाठोडं सोडलं. ज्या कामाची त्यांना लाज वाटत होती त्याचंच नाव त्यांनी पुढं केलं. गाडी गेल्यावर मी त्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला.

आता वाडीतली निम्म्याहून जास्त घरं दिवाळीनंतर इथंच असतात. गुरं पाळीनं राखली जातात आणि गुराखी म्हणून कोणी ओरडत नाही. सगळं गोड झालं असं नाही. भेंडीवर रोग पडतो, बाजार पडतो, काही घरं अजून खर्ची घेतात आणि त्यांची पोरं अंगणवाडीतून दिवाळीला गळतात, तेव्हा मी चिडचिड करते. तो वळू म्हातारा होऊन गेला. नवा सोडला आहे. कुंपणाला वाट अजून आहे, आणि वाटेबाहेर त्याच्यासाठी मक्याचा एक पट्टा पेरलेला असतो. त्याला पाणी पहिलं जातं.

पण मला सांगायचं होतं ते एका सकाळचं. शिमगा तोंडावर आला होता. मला दवाखान्यात न्यायचं ठरलं होतं. आज मी वाडीतल्या प्रत्येक बाईला भांडून दवाखान्यात पाठवते. जीपला निरोप गेला, पण पोरीला घाई होती. पहाटे जाऊबाई कोयता घेऊन गवताला निघाल्या होत्या आणि मला कळ आली. त्यांनी कोयता दारातच टाकला. दोन म्हाताऱ्यांना हाक मारली, पाणी ठेवलं, माझ्या पाठीशी बसल्या. शेत तेव्हा भरात होतं. कळांच्या मधेही माझ्या डोक्यात तेच. मी म्हटलं, "वळू येईल."

"मरू दे त्या वळूला," जाऊबाई म्हणाल्या, आणि लगेच स्वतःच्या दोन्ही गालांवर चापट्या मारून घेतल्या. त्या अवस्थेतही मला हसू आलं.

ऊन ओट्यावर आलं तेव्हा पोरगी झाली. शेणानं सारवलेल्या जमिनीवर, आमच्या घरात. जाऊबाईंनी तिला पुसलं, गुंडाळलं आणि तिच्या अंगाचा वास घेत राहिल्या. मग त्या दारात गेल्या.

अंगणात मोठे दीर उभे होते. गुडघ्यापर्यंत ओले, खांद्यावर गवताच्या काड्या, हातात तो दारात टाकलेला कोयता. "निवेद दाखवून आलो," ते म्हणाले. "खाल्लं त्यानं. आत नाय गेला."

"पोरगी झाली," जाऊबाई म्हणाल्या आणि गुंडाळी पुढं केली.

दिरांनी हात पुढं केले आणि तसेच थांबवले. हात गवतानं हिरवे झाले होते, नखांत माती होती. ते रांजणापाशी गेले. पाणी घेतलं, हात चोळले, पुन्हा पाणी घेतलं. आतून मला पाण्याचा आवाज ऐकू येत होता. जाऊबाई पोरीला घेऊन दारात थांबल्या होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांना घाई नव्हती. धोतराच्या सोग्याला दोन्ही हात नीट पुसून मग ते आले आणि त्यांनी पोरगी घेतली.